साहेबांचा फोन नको, अर्जाची पोच मागा!



पारावर, चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात एकच सूर ऐकू येतो : ‘सगळे एकाच माळेचे मणी!’ तरीही मतदानाच्या दिवशी आपण रांगेत उभे राहतो आणि त्यातल्याच एकावर भरवसा टाकून येतो. याला भाबडेपणा म्हणू नका. पुढारी म्हटले की आपल्याला नकोसे होतात, पण ‘आपला माणूस’ मात्र हवा असतो. तो लग्नाला येतो, दहाव्याला घाटावर हजर असतो, रात्री-अपरात्री फोन करून दवाखान्यात खाट मिळवून देतो.

जूनमध्ये तहसील कचेरीत डोकावून पाहा. प्रवेशाची मुदत संपत आलेली आणि उत्पन्नाचा दाखला अडलेला. खिडकीवर उत्तर एकच : ‘साहेब नाहीत, उद्या या.’ मग कुणा कार्यकर्त्याचा फोन जातो आणि दुपारी दाखला हातात पडतो. त्या घरातली सगळी मतं तिथेच पक्की होतात.

पण तो दाखला आपल्या हक्काचाच होता! ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम’ २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे. मुदत टळली, तर त्याच खात्यात पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, पुढे सेवा हक्क आयोगाकडे जाता येतं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हक्काचं काम उपकार म्हणून पदरात घेतलं, की त्याची फेड मतानं होते. मग रस्त्याचा, पाण्याचा, शाळेचा हिशेब कोणत्या तोंडानं मागायचा?

म्हणून कळकळीची विनंती :

१. अर्ज दिला की पोच घ्या. कार्यालयात सेवा, शुल्क आणि मुदतीचा फलक लावणं बंधनकारक आहे. तो नसेल तर विचारा.

२. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती आपल्यासाठी खुली झाली. विधानसभा-लोकसभेची ही प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. उमेदवार जुनाच असेल, तर गेल्या वेळचे आकडे शेजारी ठेवा. माघारीची मुदत संपल्यावर मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरतात. तेव्हा आजच पाहा, घरातल्यांना दाखवा.

३. गावात राहत असाल तर ग्रामसभा चुकवू नका. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, की प्रश्न विचारायची संधीही लांबणीवर पडते.

सुखदुःखाला धावून येणाऱ्याला जरूर मान द्या, चहा पाजा. मत मात्र त्यानं पाच वर्षांत केलेल्या कामाचा हिशेब पाहूनच द्या.