बीट बनवायला अ‍ॅप कोणतं? आधी गाणं बाहेर कसं काढायचं ते बघा

"दादा, मोबाईलवर बीट बनवायचंय. कोणतं अ‍ॅप टाकू?"

हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. कोणाला गणपतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाचं गाणं करायचं असतं, कोणाला स्वतःच्या रॅपखाली बीट हवं असतं, तर कोणाला आजीच्या ओव्या रेकॉर्ड करून खाली हलका ठेका टाकायचा असतो. पाठोपाठ तुलना सुरू होते. यात वाद्यं किती, त्यात लूप किती, फुकट कोणतं.

ही तुलना चुकीची नाही. पण त्यात एक प्रश्न हमखास राहून जातो: उद्या हे अ‍ॅप बंद पडलं, किंवा मलाच दुसरीकडे जायचं झालं, तर माझं गाणं माझ्यासोबत येईल का? गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जे घडलंय ते बघता, माझ्या मते सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी.

मी हे ठेच लागूनच शिकलो. काही वर्षांपूर्वी फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये मी सात-आठ गाणी अर्धवट करून ठेवली होती. फोन बदलला. नव्या फोनवर ते अ‍ॅप चालेना आणि जुन्या फोनचा डिस्प्ले गेलेला. हातात उरलं काय, तर मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दोन एमपीथ्री. त्या आजही ऐकता येतात, पण त्यातला एक ठोकाही बदलता येत नाही.

ऐकता येणं वेगळं, बदलता येणं वेगळं

सिक्वेन्सर म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घेऊ. साध्या रेकॉर्डरमध्ये आवाज साठतो. सिक्वेन्सरमध्ये सूचना साठतात: कोणता सूर, कधी, किती वेळ, किती जोरात. वादकाच्या हातात स्वरलिपीचा कागद द्यावा तसं. कागद तोच ठेवून बासरीऐवजी सतार वाजवायला सांगता येतं, लय वाढवता येते, चुकलेला एकच सूर खोडता येतो. या सूचनांची सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली भाषा म्हणजे मिडी. ती 1983 साली आली आणि आजही चालते.

आजची बहुतेक अ‍ॅप्स या सूचना आणि रेकॉर्ड केलेला आवाज, दोन्ही एकत्र सांभाळतात. अशा पूर्ण सॉफ्टवेअरला डीएडब्ल्यू म्हणतात. त्यातलं तुमचं काम चार रूपांत असू शकतं:

- प्रोजेक्ट फाइल: यात सगळं असतं, पण ती बहुतेक वेळा त्याच अ‍ॅपमध्ये उघडते.
- मिडी फाइल: फक्त सूर आणि ठोके. जवळपास कुठेही उघडते, पण वाद्याचा आवाज सोबत येत नाही.
- स्टेम्स: प्रत्येक वाद्याची आणि गळ्याची वेगवेगळी वेव्ह फाइल. सूर बदलता येत नाहीत, पण मिक्स नव्याने करता येतो.
- एमपीथ्री: शिजून तयार झालेली भाजी. मीठ जास्त झालं असेल तर आता काही करता येत नाही.

नवीन माणूस चौथ्यावर खूश असतो आणि पहिल्यावर विश्वास ठेवतो. अडचणीच्या वेळी मात्र मधली दोन कामाला येतात.

मालक बदलतो तेव्हा काय होतं

ताजं उदाहरण एआयच्या बाजूचं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये युडिओ या एआय संगीत सेवेने युनिव्हर्सल म्युझिकसोबतचा कोर्टातला वाद मिटवला आणि लगेच डाउनलोड बंद केलं. लोकांनी स्वतः तयार केलेली गाणी तिथेच अडकली. बराच आरडाओरडा झाल्यावर कंपनीने गाणी उतरवून घ्यायला 48 तासांची मुदत दिली. युडिओ हा काही सिक्वेन्सर नाही. पण करार दोन कंपन्यांमध्ये होतो आणि दार वापरणाऱ्यासाठी बंद होतं, हे इथे स्वच्छ दिसलं.

सिक्वेन्सरच्या दुनियेत हे नवीन नाही. कॅकवॉक हे 1987 पासूनचं नाव. 2016 मध्ये कंपनीने त्यांच्या सोनार प्लॅटिनमवर 'आयुष्यभर मोफत अपडेट' अशी ऑफर दिली. नोव्हेंबर 2017 मध्ये तेव्हाची मालक गिब्सन हिने कॅकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे 'आयुष्यभर' दीड वर्षाच्या आसपास टिकलं. आयुष्य कोणाचं, ग्राहकाचं की कंपनीचं, हे आपण विचारतच नाही.

पुढचा भाग मात्र चांगला आहे. 2018 मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने कॅकवॉक विकत घेतलं आणि विंडोजसाठी चक्क फुकट दिलं. कित्येक जण त्यावर शिकले. 2023 मध्ये कंपनीने नवीन सोनार आणि नेक्स्ट अशी उत्पादनं जाहीर केली. 2025 मध्ये जुनं मोफत कॅकवॉक गुंडाळलं गेलं आणि सोनारची मोफत आवृत्ती आली. एकच सॉफ्टवेअर विकत, बंद, फुकट आणि पुन्हा नव्या नावाने, एवढ्या वळणांतून आठ वर्षांत गेलं.

अजून मागे जायचं तर 2002 मध्ये अ‍ॅपलने इमॅजिक ही जर्मन कंपनी घेतली. तिचं लॉजिक तोवर विंडोजवरही चालायचं. अ‍ॅपलने ते फक्त मॅकवर ठेवलं. आणि मार्च 2023 मध्ये वेव्हज या प्लगइन कंपनीने यापुढे फक्त सबस्क्रिप्शन मिळेल असं जाहीर केलं. लोक इतके भडकले की काही दिवसांतच कंपनीला एकदाच पैसे भरून विकत घेण्याचा पर्याय परत आणावा लागला.

यावरून सगळ्या कंपन्या लबाड आहेत, असा अर्थ काढू नका. सॉफ्टवेअर जिवंत ठेवायला पगार द्यावे लागतात, नवीन विंडोज किंवा अँड्रॉइड आलं की दुरुस्त्या कराव्या लागतात. फुकट अ‍ॅपचा खर्चही कुठून तरी निघावा लागतो. फुकटात वाईट काही नाही. बदल होणारच, एवढं गृहीत धरायचं आणि आपलं सामान बांधून ठेवायचं.

अ‍ॅप निवडताना विचारायचे चार प्रश्न

एक, काय काय बाहेर काढता येतं? इथे मोठी नावंही चकवतात. आयफोनवरचं गॅरेजबँड फुकट आहे, सुंदर आहे, आणि पहिलं गाणं करायला माझ्या आवडीचं आहे. पण त्यातून थेट मिडी फाइल काढता येत नाही. एफएल स्टुडिओ मोबाईल विकत घ्यावं लागतं, पण त्यातून वेव्हसोबत मिडीही काढता येते. बँडलॅब फोनवर आणि ब्राउझरमध्ये दोन्हीकडे चालतं आणि ब्राउझरमधून प्रत्येक ट्रॅक वेगळा उतरवता येतो.

दोन, पैसे भरले नाहीत तर नेमकं काय थांबतं? 'फ्री ट्रायल' हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अर्थाने वापरतात. संगणकावरच्या एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये जवळपास सगळं वापरता येतं, ऑडिओही काढता येतो, प्रोजेक्ट सेव्हही होतं. पण सेव्ह केलेलं प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. हे आधी माहीत असेल तर ठीक, रात्रभर काम करून सकाळी कळलं तर डोकं फिरतं. रीपरचं उलट आहे. 60 दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरा, नंतर वैयक्तिक वापरासाठी 60 डॉलरचा परवाना घ्या.

आणि क्रॅक? ते नकोच. अनोळखी साइटवरून आणलेल्या फाइलसोबत व्हायरस येऊ शकतो, अपडेट मिळत नाहीत, आणि उद्या कोणी गाण्याचे पैसे देऊ केले तर आपला पाया चोरीचा निघतो.

तीन, माझा ताल बसतो का? हा प्रश्न परदेशी याद्यांमध्ये सापडत नाही. बहुतेक अ‍ॅप उघडलं की 4/4 समोर येतं. केरवा आठ मात्रांचा, तो त्यात आरामात बसतो. दादरा सहा मात्रांचा, त्याला 6/8 किंवा 3/4 लागतं. पण रूपक सात मात्रांचा. आयफोनवरच्या गॅरेजबँडमध्ये 4/4, 3/4 आणि 6/8 एवढेच पर्याय आहेत. म्हणजे रूपकातलं भावगीत करायचं तर ग्रिड तुमच्याशी भांडत राहणार. तुम्हाला फक्त ट्रॅप किंवा हाऊस करायचं असेल तर हा मुद्दा सोडून द्या. नसेल, तर अ‍ॅप टाकल्यावर पहिल्यांदा ताल बदलून बघा.

चार, बोट टेकलं आणि आवाज आला, यात किती वेळ जातो? या उशिराला लेटन्सी म्हणतात. हिशोब सोपा आहे. 120 बीपीएमला एक ठोका 500 मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा. ब्लूटूथ इअरफोनमध्ये सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होतो. म्हणजे तुम्ही बरोबर वाजवलं तरी ऐकू येताना ठोका मागे पडलेला असतो, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला तालच कळत नाही. अँड्रॉइडवर हा उशीर फोनप्रमाणे बदलतो. आयफोनवर सहसा कमी त्रास होतो. अ‍ॅपला शिव्या घालण्याआधी वायरचा इअरफोन लावून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

मग घ्यायचं काय?

मी सांगतो ते असं:

- फक्त अँड्रॉइड फोन आहे, खर्च करायचा नाही: बँडलॅबवर सुरुवात करा. महिनाभरात आवड टिकली आणि मिडी हवी वाटली, तर एफएल स्टुडिओ मोबाईलचा विचार करा.
- आयफोन किंवा आयपॅड आहे: गॅरेजबँड. मिडीची मर्यादा लक्षात ठेवून. मोठा प्रवास मॅककडे होणार असेल तर तिथले प्रोजेक्ट पुढे लॉजिकमध्ये उघडतात, ही सोय आहे.
- घरात जुना लॅपटॉप पडलाय: रीपर हलकं आहे, जुन्या मशीनवरही चालतं. एकही रुपया घालायचा नसेल तर वेव्हफॉर्मची मोफत आवृत्ती बघा. एलएमएमएस मुक्त आणि मोफत आहे, बीट बनवायला छान आहे, पण गळा रेकॉर्ड करायला ते योग्य नाही.

यातलं 'सर्वात भारी' कोणतं, हे मी मुद्दाम सांगत नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला अडवणारी गोष्ट सॉफ्टवेअर नसते, गाणं पूर्ण न करणं ही असते. त्यामुळे कोणतंही एक घ्या. फक्त पहिल्याच दिवशी पुढची परीक्षा घ्या.

दहा मिनिटांची परीक्षा

1. आठ बारचा तुकडा बनवा: एक ढोलकीसारखा ठेका, एक बेस, एक सुरावट.
2. फोन एअरप्लेन मोडवर टाका. तुकडा उघडतोय का, सेव्ह होतोय का?
3. तिन्ही ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइल म्हणून काढा. सोय नसेल तर बाकीचे म्यूट करून एकेक ट्रॅक एक्स्पोर्ट करा. हे घरगुती स्टेम्सच झाले. दरवेळी गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून काढा, म्हणजे पुढे एकावर एक बरोबर बसतील.
4. मिडी निघते का बघा. निघत असेल तर ती दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून बघा.
5. या फाइल्स अ‍ॅपच्या बाहेर, ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. फाइलच्या नावातच बीपीएम आणि पट्टी लिहा, उदाहरणार्थ 'मंडळ गाणं 104 काळी चार'.

तिसरा टप्पा जमला तर अ‍ॅप ठेवा. चौथाही जमला तर निश्चिंत व्हा. दोन्ही जमले नाहीत तर ते खेळणं म्हणून वापरा, पण मनापासूनचं काम तिथे ठेवू नका.

या गोंधळात एक चांगली गोष्टही होतेय. 2023 मध्ये बिटविग आणि प्रीसोनस यांनी डॉप्रोजेक्ट नावाचं खुलं फाइल स्वरूप आणलं. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमधलं प्रोजेक्ट दुसऱ्यात बऱ्यापैकी तसंच उघडतं. 2024 मध्ये क्युबेसनेही ते स्वीकारलं. फोनवरच्या अ‍ॅप्सपर्यंत ते अजून फारसं पोचलेलं नाही. पण आपण अ‍ॅप निवडताना 'बाहेर काय काढता येतं' हे विचारायला लागलो, तर कंपन्यांनाही ते द्यावं लागेल. वेव्हजच्या वेळी लोकांनी आवाज केला आणि निर्णय काही दिवसांत फिरला, हे आपण पाहिलंच.

तोवर ही काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. मंडळाचं गाणं पुढच्या वर्षी पुन्हा लागतं, त्यात नवीन कडवं घालायचं असतं. आजीच्या ओव्या तर पुन्हा रेकॉर्ड करायला मिळतीलच असं नाही. आज रात्री तुमच्या फोनमधलं एक अर्धवट गाणं उघडा आणि त्याचे ट्रॅक वेगळे काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते वेळेवर केलं असतं, तर माझ्याकडे आज दोन एमपीथ्रींपेक्षा जास्त काही असतं.