अलेक्झांड्रिया : दिव्याचं बंदर

मुलांनो, कोल्हापुरात समुद्र आहे का? हसलात ना! आपल्याकडे पंचगंगा आहे, रंकाळा आहे. पण समुद्र बघायचा म्हणजे घाट उतरून कोकणातच जायला हवं. मग मला सांगा, समुद्राचा देव कोल्हापुरात काय करत होता?

थट्टा नाही हं. आमच्या कसबा बावड्याहून नदीच्या कडेकडेनं वरच्या अंगाला गेलं, की शिवाजी पुलाजवळ ब्रह्मपुरीची टेकडी लागते. तिथं १९४४-४५च्या सुमारास जमिनीखाली ब्राँझच्या जुन्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात एक मूर्ती होती, वीतभरही उंची नसलेली. दाढीवाला देव, ऐटीत उभा. हा पोसायडन, ग्रीक लोकांचा सागरदेव! मूर्ती रोमन काळातली, म्हणजे आपल्याकडे सातवाहन राज्य करत होते तेव्हाची. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलानं लगेच विचारलं, "एवढ्या लांबून देव आला कसा? चालत की बोटीनं?" फार चांगला प्रश्न! उत्तर आहे : दोन्ही. आणि ते नीट समजायचं तर आज आपल्याला भूमध्य समुद्राच्या काठावरच्या एका गावी जायला हवं. कारण त्या काळी तिकडून हिंदुस्थानकडे निघणारा बराचसा माल याच बंदरातून जायचा. त्याचं नाव अलेक्झांड्रिया.

नकाशा उघडा. आफ्रिकेच्या वरच्या टोकाला इजिप्त देश सापडेल. नाईल नदी समुद्राला मिळते तिथं पंख्यासारखा त्रिकोण दिसतो ना? त्या त्रिकोणाच्या डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला हे शहर आहे. इ. स. पूर्व ३३१मध्ये सिकंदरानं ते वसवलं, म्हणून त्याचंच नाव.

जागा किती हुशारीनं निवडली बघा. नाईल आपल्याबरोबर गाळ आणते. किनाऱ्यालगतचा समुद्राचा प्रवाह तो गाळ पूर्वेकडे ढकलतो. अलेक्झांड्रिया पश्चिमेला, म्हणून तिचं बंदर गाळानं बुजत नाही. समोर फारोस नावाचं बेट होतं. किनाऱ्यापासून बेटापर्यंत एक किलोमीटरहून लांब बांध घातला आणि एका बंदराची दोन बंदरं झाली. मागच्या बाजूला गोड्या पाण्याचं तळं. त्या बाजूनं कालवा काढून शहर नाईलशी जोडलं. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी नदी!

पण किनारा सपाट, डोंगर नाही की टेकडी नाही. खलाशांना बंदर दिसणार कसं? म्हणून फारोस बेटावर इ. स. पूर्व २८०च्या सुमारास दीपस्तंभ उभा राहिला. उंची शंभर मीटरच्या वर, म्हणजे तीस मजली इमारत धरा. वर रात्री आग पेटवायची. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत त्याची गणना झाली. बेटाचं नाव इतकं गाजलं, की फ्रेंच भाषेत आजही दीपस्तंभाला 'फार' म्हणतात.

दुसरा दिवा होता पुस्तकांचा. इथलं ग्रंथालय जगात नावाजलेलं. बंदरात जहाज लागलं, की त्यावरची पुस्तकं उतरवून घ्यायची, नक्कल करायची आणि मूळ प्रत आपल्याकडे ठेवून नक्कल मालकाला परत द्यायची, असं एका जुन्या लेखकानं लिहून ठेवलंय. (तुम्ही मित्राच्या वहीचं असं काही करू नका हं!) याच ग्रंथालयाचा प्रमुख होता एराटोस्थेनिस. दक्षिणेकडच्या सायीन गावी वर्षातल्या ठरावीक दिवशी भरदुपारी सावली पडत नाही, हे त्याला कळलं होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची. त्यानं कोन मोजला. तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग निघाला. दोन गावांमधलं अंतर अंदाजे ८०० किलोमीटर. मग गुणा पन्नासनं! पृथ्वीचा घेर मिळाला ४०,००० किलोमीटरच्या आसपास. हातात फक्त सावली आणि गणित, बाकी काही नाही.

आता आपल्या पोसायडनकडे वळू. अलेक्झांड्रियातून माल होडीत चढायचा आणि कालव्यानं नाईलमध्ये जायचा. तिथून दक्षिणेकडे कोप्तोस गावापर्यंत. पुढं वाळवंट. तिथं होडी संपली, उंट आले. दहा-बारा दिवस चालून तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर गाठायचं. जुलैच्या सुमारास मोठी जहाजं शिडं उभारून निघायची. वारा कुठला? तोच, जो आपल्याकडे पाऊस घेऊन येतो! नैऋत्य मान्सूनच्या पाठबळावर जहाजं आपल्या किनाऱ्याला लागायची. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची नावं त्या काळच्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहेत. तिथून बैलांच्या पाठीवर माल घाट चढून देशावर यायचा. वारा उलटा फिरला, की हिवाळ्याच्या तोंडाला जहाजं परत. जाताना मिरी, सुती कापड, हस्तिदंत, रंगीत खडे न्यायची.

आणि फक्त मालच गेला असं नाही. २०२२मध्ये त्याच बेरेनिकेच्या उत्खननात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. दगड आजच्या तुर्कस्तानातला, मूर्ती इजिप्तमध्येच घडवलेली असावी, आणि देव आपला! म्हणजे त्यांचा सागरदेव पंचगंगेच्या काठी आला आणि आपला बुद्ध तांबड्या समुद्राच्या काठी जाऊन बसला. कुणी कुणावर स्वारी केली नाही. व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांबरोबर देव गेले, गोष्टी गेल्या, शब्दही गेले असतील.

आजची अलेक्झांड्रिया कशी आहे? पन्नास लाखांहून जास्त वस्तीचं, इजिप्तमधलं कैरोच्या खालोखालचं शहर. सकाळी लोक काय खातात, माहीत आहे? 'फूल'! म्हणजे आपलं फूल नव्हे. मोठ्या वालासारख्या दाण्यांची, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची मऊ शिजवलेली उसळ, वर तेल, लिंबू, जिरं. आपली मिसळच म्हणा, फक्त तर्री नाही! सोबत भाकरीसारखी रोटी. तिला म्हणतात 'ऐश', आणि त्या शब्दाचा अर्थ 'जगणं'.

तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो. कोळी लोकांनी प्रत्येक वादळाला नाव आणि साधारण तारीख ठरवून दिलीय. नोव्हेंबरातल्या एकाचं नाव 'मक्नसा', म्हणजे झाडू. रस्ते झाडून नेतो म्हणून. आपल्या आजोबांना विचारा, तेही मृग, आर्द्रा आणि त्यांची वाहनं सांगतील. पाण्यावर पोट असलेली माणसं आभाळाला अशीच नावं देतात.

पण ज्या पाण्यानं हे शहर मोठं केलं, त्यानंच त्याची परीक्षाही घेतली. ३६५ साली समुद्राची प्रचंड लाट शहरात घुसली. राजवाड्यांचा भाग हळूहळू पाण्याखाली गेला. दीपस्तंभ चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी ढासळला. १४७७ साली सुलतान कैतबेनं त्याच जागी, त्याचेच दगड वापरून किल्ला बांधायला घेतला. १९९४पासून पाणबुड्या संशोधकांनी समुद्रतळाशी शिल्पं आणि मोठमोठे दगड शोधले. जुनं ग्रंथालय तर कधीच नाहीसं झालं होतं. २००२मध्ये समुद्रासमोरच नवं, प्रचंड ग्रंथालय उघडलं.

आणि परीक्षा संपलेली नाही. पृथ्वी तापतेय, समुद्राची पातळी चढतेय. १९७०मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यापासून नाईलचा गाळ धरणातच अडकतो, त्यामुळं किनाऱ्याला नवी माती मिळत नाही. कैतबेचा किल्ला वाचवायला समुद्रात काँक्रीटचे ठोकळे टाकलेत.

हे वाचून आपल्याला परकं वाटायला नको. पावसाळ्यात सारं कोल्हापूर एकच आकडा विचारतं : "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?" तो बंधारा आमच्या बावड्यातला. ३९ फूट झाले की इशारा, ४३ला धोका. २०१९ आणि २०२१मध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेलेलं तुमच्या घरातल्यांना चांगलं आठवतंय. पाणी कुठं वळवायचं आणि कुठं त्याला मोकळी वाट ठेवायची, हे अलेक्झांड्रियालाही शिकावं लागतंय आणि आपल्यालाही. पालकांनो, पूररेषेत भराव टाकून घरं उभी राहतात तेव्हा मुलांच्या देखत एकदा हा विषय काढाच. उद्या त्या काठावर तीच राहणार आहेत.

आता तुमचं काम. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. अंगणात सरळ काठी रोवा. साडेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं खुणा आणि रोजची सर्वांत आखूड सावली वहीत लिहा. कुठल्या दिवशी ती नाहीशी होते बघा. एराटोस्थेनिसकडेही याहून फार मोठी साधनं नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बंदरात नांगर टाकू. तोवर नकाशा हाताशी ठेवा!