रुमालाखालचा भाव

जुन्या बाजारात धान्याचा, कापसाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार फडक्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे आणि माल ज्याचा, तो शेतकरी समोर बसून नुसतं फडकं हलताना बघायचा. हत्ता पद्धत म्हणत तिला. शेजारच्या वऱ्हाडात १८८६ साली कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये तिथे कायदाही आला. आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात. इथे बाजाराचा कायदा यायला १९३० उजाडलं.

तो रुमाल मला परवा मोबाइलमध्ये दिसला.

माझ्या भाच्याने शेअरच्या चार्टवर चालणारं एक छोटं सॉफ्टवेअर बनवलंय. ज्या भावाला आपल्याला जाग यायला हवी, ते आकडे यादीत लिहायचे. चार्टवर तिथे रेघ पडते आणि भाव रेघेला लागला की फोन वाजतो. तो म्हणाला, "मामू, याची माहिती मराठीत तुम्हीच लिहून द्या. इंग्रजी कोणी वाचत नाही, सगळे मलाच फोन करतात." मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, मला चार्टमधलं काही कळत नाही. पण त्यामुळेच बरं झालं.

त्याच्या दीड पानात कुठलं बटण दाबायचं एवढंच होतं. मी विचारत गेलो. रेघेला लागला म्हणजे काय? क्षणभर टेकून परतला तरी वाजणार, की पंधरा मिनिटांची कँडल रेघेपलीकडे बंद झाल्यावर? "जसं सेटिंग कराल तसं." आणि काहीच सेटिंग केलं नाही तर? "टेकला की." एकदा वाजला की पुन्हा वाजतो का? "नाही." महिनाभर वाजलाच नाही तर? "मग मुदत संपते, आपोआप बंद होतो." हे लोकांना माहीत आहे का? यावर तो गप्प.

आणखी एक होतं. काल शेअर ५०० ला बंद झाला, तुमची रेघ ४९० वर आहे आणि आज सव्वानऊला बाजार उघडला तोच ४७० ला. फोन वाजेल, पण ४९० चा भाव तुमच्यासाठी कधी आलाच नव्हता. बॅटरी वाचवण्याचं सेटिंग चालू असेल किंवा रेंज गेली असेल, तर फोन वाजेल याचीही खात्री नाही.

आमच्या गल्लीतल्या एका पोराने दुसऱ्याच कुठल्या ॲपवर असा अलर्ट लावला होता. त्याला वाटलं, अलर्ट म्हणजे तिथे आपोआप विक्री होते. तो गॅरेजमध्ये गाडीखाली होता. घंटा वाजली, ऑप्शन तसाच पडून राहिला आणि संध्याकाळपर्यंत तीन महिन्यांची बचत गेली. अलर्ट म्हणजे ऑर्डर नव्हे, हे त्याला कोणी त्याच्या भाषेत एका ओळीत सांगितलं नव्हतं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तीन वर्षांत मिळून तोट्यात निघाले. सगळे काही माहितीअभावी बुडाले नाहीत, हे मान्य. पण माहिती दिली म्हणून कोणाचं बिघडलं असतं?

नमाजनंतर एकाने मला टोकलं, ऑप्शनचा खेळ हराम म्हणतात, मग त्याची पुस्तिका कशाला लिहितोस? मीही त्याला जुगारच समजतो आणि पोरांना तसं सांगतोही. पण पोरं माझ्या परवानगीसाठी थांबलेली नाहीत. शिवाय पूर्ण पैसे देऊन शेअर घेणारा आणि वर्षातून दोनदा भाव बघणारा माणूसही हेच वापरतो. आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय हेच कळू नये, त्याला आपल्याकडे ग़रर म्हणतात ना? साधन देऊन त्याच्या मर्यादा न सांगणं त्याहून फार लांब नाही.

मेहुण्यांचा प्रश्न वेगळा. जिंतूरकडे त्यांची चार एकर आहे. "सोयाबीनचा भाव लावता येतो का?" नाही येत. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे मुदत वाढवत नेली. म्हणून काही पोरं शिकागोचा चार्ट लावून बसतात. तिथला १०५० चा आकडा सेंटमध्ये असतो, तोही एका बुशेलचा, म्हणजे साधारण २७ किलोचा. आपल्या मोंढ्यात भाव रुपयांत आणि क्विंटलचा, त्यात ओलावा आणि काडीकचऱ्याची कटती वेगळी. शिकागोच्या रेघेवर घंटा वाजली म्हणून कोणी ट्रॉली जुंपू नये, हे मी पुस्तिकेत लिहिलंच.

भाचा म्हणतो, 'हे काय करत नाही' ते शेवटी टाका, नाहीतर लोक घाबरून वापरणारच नाहीत. मी म्हटलं, पहिल्या पानावर. शेवटचं पान कोण वाचतो? दोन दिवस तो रुसला होता, आपाने मध्ये पडून मिटवलं. आता तो मजकूर पहिल्या पानावर आहे. अक्षर मात्र त्याने बारीक ठेवलंय, त्यावरून आमचं अजून चालू आहे.