मोकळेपणाची हजेरी

१९९७ च्या ऑक्टोबरात बँकेच्या कामासाठी मी तीन आठवडे टोकियोत होतो. एका संध्याकाळी तिथले सहकारी मला शिम्बाशी स्टेशनजवळच्या 'इझाकाया'त, म्हणजे खाण्यापिण्याच्या साध्याशा दुकानात, घेऊन गेले. माझा ग्लास रिकामा झाला, बाटली समोरच होती. मी आपल्या हाताने ग्लास भरून घेतला. शेजारचा तरुण अधिकारी इतका ओशाळला, की जणू चूक त्याचीच होती. आणि होतीही! तिथे आपला ग्लास आपण भरायचा नसतो. धाकट्याने थोरल्याच्या ग्लासावर नजर ठेवायची, दोन्ही हातांनी बाटली धरून ओतायचे, ग्लास भिडवताना आपला जरा खाली धरायचा. दारापासून लांबची जागा साहेबांची, दाराजवळची सर्वांत धाकट्याची.

गंमत अशी, की या बैठकीचे समर्थन होते ते मोकळेपणाच्या नावाने. 'नोमु' म्हणजे पिणे. त्याला 'कम्युनिकेशन' जोडून जपान्यांनी 'नोमिनिकेशन' असा शब्दच घडवला. त्यात तथ्य नाही असेही नाही. सकाळी मुकाट मान डोलावणाऱ्या त्याच तरुणाने तिसऱ्या ग्लासानंतर साहेबांना सांगून टाकले, की ठरलेल्या मुदतीत काम होणे अशक्य आहे. दुसऱ्या दिवशी दोघेही काही घडलेच नाही असे वागले. मुदत मात्र वाढली.

तेव्हा मला हे फार शहाणपणाचे वाटले. आज वाटत नाही. जो त्या रात्री सरळ घरी गेला, त्याची मुदत कोणी वाढवली? जिला पाळणाघरातून मूल आणायचे होते, तिचे म्हणणे कोणत्या टेबलावर मांडले गेले?

शिवाय अशा मैफलींचे बिल कोणीतरी भरतच असते. १९९८ साली जपानी बँकांनी अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांना दिलेल्या मेजवान्या उजेडात आल्या. बँकांची तपासणी करणारे अधिकारीच अटकेत गेले. अर्थमंत्री मित्सुझुका आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर मात्सुशिता यांना पायउतार व्हावे लागले.

आता वारे फिरले आहे. २०२१ साली निप्पॉन लाइफ या विमा कंपनीच्या पाहणीत ६२ टक्के लोकांनी 'नोमिनिकेशन'ची गरज नाही असे सांगितले. २०२२ साली तर तरुणांत मद्याची मागणी वाढावी म्हणून खुद्द कर खात्याने कल्पना मागवणारी स्पर्धा ठेवली!

तरुण घरी जाऊ लागले, याचा मला आनंद आहे. पण रात्रीचे टेबल उठले म्हणून सकाळचे टेबल आपोआप ऐकू लागत नाही. 'साहेब, हे जमणार नाही,' हे वाक्य सकाळी दहा वाजता, कोऱ्या चहावरही बोलता आले पाहिजे. जपान्यांना हे सांगणारा मी कोण? पुढे मीही साहेब झालो. माझ्या केबिनमध्ये ते वाक्य किती जणांनी उच्चारले, हे मोजायला बसलो, तर एका हाताची बोटेही पुरून उरतात.