मागून येणाऱ्याचे काय?

मिक्सर किंवा ड्रिल मशीन तडतडायला लागले, आत ठिणग्या दिसू लागल्या, की दुरुस्तीवाला ते उघडून बघतो आणि सांगतो, ‘कार्बन गेलेत.’ करंगळीच्या पेराएवढे दोन काळे ठोकळे बदलले की यंत्र पुन्हा मुकाट्याने कामाला लागते. या ठोकळ्यांचे पेटंट जॉर्ज फोर्ब्स नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले. त्याआधी डायनॅमोच्या फिरत्या कम्युटेटरवरून वीज उचलायला तांब्याच्या तारांचे कुंचे टेकवत. भार कमीजास्त झाला की ठिणग्या उडत, कम्युटेटर खरवडला जाई आणि कुंच्यांची जागा हाताने मागेपुढे करत राहायला एक माणूस लागे. फोर्ब्सने तांबे काढून कार्बन बसवला. कार्बनचा विरोध तांब्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे वरवर पाहता हा उलटा उद्योग. पण नेमका तो विरोधच कम्युटेटरवर उसळणारा नको तो प्रवाह दाबतो आणि ठिणगी आवरतो. तीनच वर्षांनी व्हॅन डेपोलने हे कार्बन अमेरिकेतल्या ट्रामच्या मोटरींवर आणले. ट्रामची मोटर पुढे-मागे दोन्हीकडे फिरते, आणि तांब्याच्या तिरक्या कुंच्यांना ते सोसत नव्हते. सरळ टेकवलेल्या कार्बनला दिशेशी देणेघेणे नव्हते.

डायनॅमो कोणाचा, हा प्रश्न परीक्षेत येतो. कार्बन कोणाचे, हे कोणी विचारत नाही. फोर्ब्स उतारवयात हलाखीत दिवस काढत होता आणि वीजधंद्यातल्या स्नेह्यांना त्याच्या मदतीला यावे लागले. एडिसन मोठा की टेस्ला, या वादात आपल्याकडे पूर्वी शाई आणि आता मोबाइलचा डेटा यथेच्छ खर्च होतो. वाद रंगतो तो मूळ पुरुषाचा. यंत्र ज्याच्यामुळे रोज चालते, तो मागून आलेला माणूस त्या वादात नसतोच.

वास्तविक विजेच्या पहिल्या पन्नास वर्षांतली बहुतेक पेटंटे सुधारणांचीच आहेत. खुद्द बेलच्या १८७६ च्या टेलिफोनच्या पेटंटाचे शीर्षक ‘टेलिग्राफीतील सुधारणा’ असे होते. टेस्लाला फिरत्या चुंबकक्षेत्राच्या मोटरीची पेटंटे १ मे १८८८ रोजी मिळाली. वेस्टिंगहाउसने ती लगोलग घेतली, आणि मग लक्षात आले की कंपनीच्या तेव्हाच्या एका फेजच्या, सेकंदाला १३३ आवर्तनांच्या वीजपुरवठ्यावर ही मोटर नीट चालत नाही. आवर्तने साठावर आणणे, एकाहून जास्त फेजचा पुरवठा उभा करणे, वेटोळी सबंध परिघावर पसरून बसवणे, ही सारी कामे पिट्सबर्गच्या कारखान्यात बेंजामिन लॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली आणि त्यात वर्षे गेली. तिकडे जर्मनीत एइजी कंपनीच्या डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने १८८९ मध्ये पिंजऱ्याच्या रोटरची तीन फेजची मोटर बनवली. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, झिजायला जवळजवळ काही नाही. १८९१ मध्ये लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला तीन फेजची वीज नेऊन त्याने आणि त्याच्या साथीदारांनी शंकेखोरांची तोंडे बंद केली. आज आपल्याकडचा शेतकरी विहिरीवरचा पंप सुरू करायला ज्या ‘थ्री फेज’ची रात्र रात्र वाट पाहतो, तिचे घराणे हे आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरी डब्याडब्यांत वाटलेल्या असतात आणि त्या सगळ्या एका मोटरमनच्या हाताखाली चालतात. ही पद्धत फ्रँक स्प्रेगने १८९७ मध्ये शिकागोत रुळांवर आणली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, ती याच सुधारणेच्या जोरावर.

मागून आलेल्यांचे कौतुक राहून गेले, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा त्यांच्या कायदेशीर अडचणीचा आहे. पेटंट म्हणजे वस्तू बनवण्याचा परवाना, असा सर्रास समज असतो. तो चुकीचा आहे. पेटंटाने मिळतो तो दुसऱ्याला रोखण्याचा हक्क. मी तुमच्या यंत्रात सुधारणा केली आणि तिचे पेटंट घेतले, तरी तुमचे पेटंट जिवंत असेपर्यंत तुमच्या संमतीवाचून ते सुधारलेले यंत्र मला बनवता येत नाही. आणि माझ्या संमतीवाचून तुम्हालाही नाही. सुधारणा करणाऱ्याचे पेटंट म्हणजे चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनींनी वेढलेले शेत. सातबारा त्याच्या नावावर, माती कसदार. पण बैलगाडी न्यायला वहिवाट नाही.

अशी वाट अडली की काय होते, याचे उत्तर एडिसनच्या दिव्यात आहे. जानेवारी १८८० मध्ये मिळालेले त्याचे पेटंट ऐसपैस होते: कार्बनचा बारीक तंतू, सर्वस्वी काचेचा फुगा, आतली हवा काढलेली, काचेतून आरपार गेलेल्या तारा. कज्जे वर्षानुवर्षे चालले. १८९१ मध्ये न्यायालयाने ते पेटंट उचलून धरले आणि ऑक्टोबर १८९२ मध्ये अपिलातही ते टिकले. वेस्टिंगहाउसने तोवर १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रोषणाई करण्याचा ठेका घेतलेला होता. आता अखंड काचेचा फुगा वापरायची सोय उरली नाही. मग कंपनीने दोन तुकड्यांचा दिवा काढला. फुगा वेगळा, आणि तंतू धरणारे काचेचे बूच वेगळे, घासून घट्ट बसवलेले. सुमारे अडीच लाख दिवे असे बनवले गेले आणि प्रदर्शन झगमगले. पण बुचाच्या सांध्यातून हवा शिरे आणि दिवा लवकर जाई. त्यात कारागिरी होती, चतुराई होती, रात्रीचा दिवस करून केलेली मेहनतही होती. आणि ही सगळी बुद्धी खर्च झाली ती आधीच्या दिव्याहून वाईट दिवा बनवण्यात. १८९४ मध्ये एडिसनच्या पेटंटाची मुदत सरली आणि बुचाच्या दिव्याचे कामही संपले.

त्याच दिव्याच्या धंद्यात ल्युइस लॅटिमर होता. गुलामीतून पळून आलेल्या आईबापांचा हा मुलगा. बेलच्या टेलिफोनच्या पेटंटाची रेखाचित्रे त्याच्या हातची. तंतू भाजताना वाकडेतिकडे होत. ते पुठ्ठ्याच्या घडीत धरून भाजले तर आकार टिकतो, हे त्याने शोधले आणि १८८२ मध्ये त्या कृतीचे पेटंट घेतले. ही सुधारणा एडिसनच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या पदरात पडली. पुढे लॅटिमर स्वतः एडिसनच्या कंपनीत गेला आणि तिथे त्याला काम मिळाले पेटंटांच्या खटल्यांत पुरावे आणि साक्षी देण्याचे. ज्याने दिवा सुधारायचा, तो कज्जे लढवू लागला. मोठ्या पेटंटाच्या सावलीत अकलेचा बाजारभाव कुठे चढतो, ते यावरून दिसते.

चार्ल्स पार्सन्सची कथा तर आणखी विचित्र आहे. वाफेच्या टर्बाइनची पेटंटे त्याने १८८४ मध्ये घेतली. १८८९ मध्ये भागीदारांशी फाटले, तो बाहेर पडला आणि पेटंटे भागीदारांकडे राहिली. आपल्याच डोक्यातून निघालेले, वाफ आसाच्या दिशेने नेणारे टर्बाइन बनवायला त्याला बंदी! हातावर हात ठेवून बसणारा तो नव्हता. वाफ मध्यातून परिघाकडे नेणारे दुसऱ्या घाटाचे टर्बाइन त्याने उभे केले आणि चालवूनही दाखवले. पण १८९४ मध्ये जुनी पेटंटे परत मिळताच तो मूळ वाटेवर आला. त्याच्या ‘टर्बिनिया’ बोटीने १८९७ मध्ये स्पिटहेडच्या आरमारी सोहळ्यात ब्रिटिश नौदलाच्या नाकासमोर जी धाव घेतली, ती त्यानंतरची. मधली पाच वर्षे ही कायद्याने घ्यायला लावलेल्या वळशाची होती. वळशातही माणूस काही शिकतो, हे मान्य. पण त्याचे श्रेय वाट अडवणाऱ्याला देण्याचे कारण नाही.

मोठ्यांनी यावर आपला तोडगा काढला. एडिसनच्या कंपनीची वारस जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांनी १८९६ मध्ये एकमेकांची पेटंटे वापरण्याचा करार केला. दोघांमधले बांध मोडले. तिसऱ्यासाठी मात्र एकाऐवजी दोघांची जोडलेली भिंत उभी राहिली. सवलतीच्या बदल्यात देण्यासारखी पेटंटांची चळत ज्याच्याकडे नव्हती, त्या एकट्या कारागिराला या करारातून काही मिळाले नाही.

मग पेटंटेच नकोत काय? नेदरलँड्सने ते करून पाहिले. १८६९ मध्ये तिथे पेटंटाचा कायदा रद्द झाला आणि १९१२ पर्यंत नवा आला नाही. या मोकळ्या काळात, १८९१ मध्ये, आइंदहोव्हनला फिलिप्सने विजेचे दिवे बनवायला घेतले. ना वहिवाटीचा प्रश्न, ना बुचाच्या दिव्याची कसरत. आपल्या घराघरांत पोचलेले हे नाव बिनपेटंटाच्या मुलखात वाढले. पण गोष्ट तिथे संपत नाही. कायदा परत आल्यावर दोनच वर्षांत, १९१४ मध्ये, याच कंपनीने स्वतःची संशोधनशाळा काढली आणि पुढे ती पेटंटांची मोठी धनी झाली. दुसऱ्याच्या रानातून चालताना जो मोकळेपणा हवासा वाटतो, तो आपल्या रानाला बांध घालताना आठवत नाही. दोष द्यायचा तर तो एका कंपनीला देता येत नाही. ही माणसाची रीत आहे. शिवाय पेटंट नसते तर टेस्लाकडे विकण्यासारखे काही नसते, आणि फोर्ब्सची युक्ती कागदावर येऊन सगळ्यांना वाचायला मिळाली नसती. तेव्हा प्रश्न कायदा असावा की नसावा, असा नाही. त्या कायद्याने दुसऱ्या माणसासाठी किती वाट सोडली, एवढाच आहे.

आता आपल्या कायद्याकडे वळू. भारतात या कायद्याची सुरुवातच सुधारणेने झाली. १८५६ च्या कायद्याखाली पहिला अर्ज आला तो कोलकात्याच्या डी पेनिंग नावाच्या इंजिनिअरचा, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. पंखा जुनाच, फक्त ओढणारा हात नवा. आजच्या १९७० च्या कायद्यात सुधारणेसाठी ‘पुरवणी पेटंट’ आहे. पण ते मूळ पेटंटवाल्यालाच मिळते. मूळ शोधाच्या तुलनेत त्याच्या सुधारणेत वेगळी कल्पकता दिसली नाही तरी चालते, नूतनीकरणाची फीही वेगळी पडत नाही. मूळ पेटंटाबरोबर तेही संपते, हे न्याय्य आहे. परंतु तेवढीच सुधारणा शेजारच्या वर्कशॉपमधल्या माणसाने केली, तर त्याला कल्पकतेच्या पूर्ण कसोटीला उतरावे लागते. लहान सुधारणांना स्वस्त आणि अल्प मुदतीचे संरक्षण देणारा कायदा जर्मनीने १८९१ मध्येच, म्हणजे लाउफेन-फ्रँकफुर्टच्या वर्षीच केला. आपल्याकडे २०११ मध्ये त्यावर एक चर्चापत्र निघाले. कायदा अजून झालेला नाही. अशा हक्कांचे पीक माजून नवी अडवणूक होते, हा आक्षेप खोटा नाही. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून असे नवे हक्क देणे बंद केले. म्हणून ती वाट जपून धरावी.

दुसरी वाट कायद्यात आधीच आहे. कलम ९१ नुसार, आधीच्या पेटंटामुळे स्वतःचे पेटंट राबवता येत नसेल, तर पेटंट नियंत्रकाकडे परवाना मागता येतो. बांधावरून रस्ता मागायला तहसीलदाराकडे जावे, तसेच हे. पण अट अशी की, अर्जदाराच्या शोधाने देशातल्या उद्योग-व्यापाराच्या उभारणीला ‘भरीव हातभार लावलेला’ असला पाहिजे. लावलेला! जो शोध परवान्याअभावी कारखान्यात शिरूच शकत नाही, त्याने हातभार कधी लावायचा? रस्ता मिळाल्याशिवाय पीक काढता येत नाही आणि पीक दाखवल्याशिवाय रस्ता मिळत नाही, असा हा फास आहे. तिथे ‘लावलेला असला पाहिजे’ऐवजी ‘लावू शकेल’ एवढा बदल संसदेने करावा. मूळ पेटंटवाल्याला वाजवी मोबदला मिळावा, सुधारणा वापरण्याचा उलट परवानाही मिळावा. कलमात त्याची सोय आहेच. पहिल्याचे यात काही बुडत नाही. आणि दुसऱ्याची अक्कल दिव्याला बुचे बसवण्यात वाया जात नाही.