उरलेल्या उन्हाचे पैसे

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात फिरताना एक दृश्य मला दरवर्षी अस्वस्थ करतं. विहिरींनी तळ गाठलेला, बोअर आटलेले, आणि बांधावर सौरपंपाची पॅनेलं वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात नुसती तापत उभी. पाणी नाही म्हणून पंप बंद, आणि पंप बंद म्हणून विजेला गिऱ्हाईक नाही. याच दिवसांत शहरांत एसी-कूलर दिवसभर चालतात, राज्याची विजेची मागणी चढलेली असते आणि ती भागवायला चंद्रपूर, कोराडी, परळीला कोळसा जळत असतो.

हवामानबदलावर गावपातळीवर काय करता येईल, असं विचारलं की आपण झाडं लावण्यापाशी येऊन थांबतो. झाडं लावावीतच. पण ज्या कामातून चार पैसे घरात येतात, ते काम सत्कार-फोटो संपल्यावरही चालू राहतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज गुजरातमधल्या ढुंढी गावाबद्दल लिहितो.

ढुंढी हे खेडा जिल्ह्यातलं लहानसं गाव. तिथले शेतकरी डिझेल इंजिनावर पाणी उपसत. ‘आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थे’तले अर्थतज्ज्ञ तुषार शाह आणि त्यांचे सहकारी आणंदमध्ये बसून एका धोक्याचा विचार करत होते. डिझेलवर पाणी उपसायला प्रत्येक तासाला पैसे पडतात, म्हणून माणूस हात राखून उपसा करतो. सौरपंपाला मात्र एकदा बसवला की चालवायचा खर्च जवळजवळ शून्य. सकाळी सुरू केलेला पंप संध्याकाळपर्यंत बंद करायचं कारणच उरत नाही. म्हणजे धूर थांबेल, पण जमिनीखालचं पाणी संपेल. यावर त्यांनी काढलेली तोड सरळ होती: पंप बंद असताना तयार होणारी वीज शेतकऱ्याकडून विकत घ्या. मग पंपाचं बटण दाबताना त्याला आपोआप विचार पडेल की हे युनिट पाण्यावर घालवू की विकू.

आधी थामणा गावातल्या एकाच शेतकऱ्याबरोबर हा प्रयोग झाला. मग ढुंढीत सहा शेतकरी एकत्र आले. त्यांची सगळी मिळून सौरक्षमता 56.4 किलोवॉट. 2016 मध्ये त्यांनी ‘ढुंढी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी’ रीतसर नोंदवली आणि मध्य गुजरात वीज कंपनीशी 25 वर्षांचा करार केला. युनिटला 4 रुपये 63 पैसे दर ठरला. त्या बदल्यात सभासदांनी तेवढ्या काळासाठी सवलतीच्या दरातल्या शेतीपंप जोडणीवरचा हक्क सोडला. सुरुवातीला संस्थेनं युनिटमागे थोडा बोनसही दिला, त्यातला काही भाग खास भूजल वाचवल्याबद्दल होता.

या व्यवस्थेतला सर्वात मोलाचा भाग मला मंडळीचा वाटतो. कोणतीही वीज कंपनी पाच अश्वशक्तीच्या एकेका पंपाचं मीटर वाचत, दर महिन्याला हजार-दीड हजाराचे धनादेश फाडत बसणार नाही. ढुंढीत सगळ्यांची वीज एका ठिकाणी गोळा होते, कंपनीचं मीटर तिथे, आणि कोणाच्या शेतातून किती आली याचा हिशेब मंडळी आपसात ठेवते. आपल्याकडे गावच्या डेअरीत दूध घालतात, तसंच हे. खेडा जिल्ह्याला यात नवखं काही वाटलं नसणार. अमूल ज्याच्या नावावर आहे तो दूध संघ याच जिल्ह्याचा, 1946 सालचा.

भांडवलाचा मोठा वाटा संशोधन प्रकल्पानं उचलला होता, हेही सांगायला हवं. पण त्यातून धोरण पुढे सरकलं. 2018 मध्ये गुजरात सरकारनं ‘सूर्यशक्ती किसान योजना’ आणली. 2019 मध्ये केंद्रानं ‘पीएम कुसुम’ जाहीर केली, तिच्या ‘क’ घटकात वीजजोड असलेल्या पंपांना सौरऊर्जेवर आणून उरलेली वीज विकण्याची सोय ठेवली.

महाराष्ट्रात आपण वेगळ्या वाटेनं गेलो. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’त गावाजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहतो आणि त्यातून शेतीच्या फिडरला दिवसा वीज मिळते. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. ही चांगली योजना आहे. रात्रीच्या पाळीत बिबट्या-सापांच्या भीतीत दारं धरणाऱ्याला दिवसा लाईट मिळणं किती मोठं आहे, ते ज्याच्या घरात शेती आहे त्याला सांगावं लागत नाही. दुसरीकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दहा टक्के रक्कम भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाचच टक्के. मात्र हे पंप वीजजाळ्याला जोडलेले नसतात. विजेची तारच नाही तर विकणार कुठे? आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या जोडणीचं बिल 2024 पासून माफ असल्यानं तिथेही युनिट वाचवण्यात शेतकऱ्याला काहीच फायदा उरलेला नाही. भूजलाच्या दृष्टीनं मला हे फार काळजीचं वाटतं.

साधा हिशेब करू. पाच अश्वशक्तीच्या पंपामागे साधारण पाच किलोवॉटची पॅनेलं असतात. चांगल्या उन्हाच्या दिवशी ती वीस युनिट देतात. वर्षातले 150 उन्हाचे दिवस पंप चालला नाही, असं धरलं तर 3,000 युनिट झाले. तीन रुपयांनी 9,000 रुपये, ढुंढीच्या दरानं जवळजवळ 14,000. कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका पंपानं वर्षाला तीन टन थांबवला. त्यासाठी नवी जमीन लागली नाही, नवं पॅनेलही लागलं नाही. अनुदानाचे पैसे आपण आधीच खर्च करून बसलो आहोत.

हे करायचं तर सुरुवात डीपीपासून, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरपासून करावी. एका डीपीवरचे दहा-बारा शेतकरी म्हणजे आपल्याकडची तयार मंडळीच असते. डीपी जळाली की हेच लोक वर्गणी काढतात, ट्रॅक्टर ठरवतात, कार्यालयात खेटे घालतात. भांडतातही, पण हिशेब एकमेकांना देतात. ज्या सौरपंपांजवळून तार गेली आहे, त्यांना अशा गटानं डीपीशी जोडावं, गटाचं एक मीटर असावं, आतली वाटणी गटानं करावी. तांत्रिक अडचणी आहेत: पंपाचा कंट्रोलर बदलावा लागेल, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी लाईट गेल्यावर सौरवीजही आपोआप तुटली पाहिजे. ही कामं माहितीतली आहेत, घरांच्या छतांवरच्या नेट मीटरिंगमध्ये ती रोज होतात.

खरं जिकिरीचं आहे ते दर ठरवणं. तो फार कमी ठेवला तर शेतकरी वीज विकण्यापेक्षा शेजाऱ्याला पाणी विकेल, किंवा मोकळ्या रानात ऊस लावेल, आणि भूजल आधीसारखंच खाली जात राहील. फार जास्त ठेवला तर बोजा बाकीच्या ग्राहकांवर पडेल. माझ्या मते हा दर भूजलाची पातळी पाहून ठरावा: ज्या पाणलोटात उपसा मर्यादेबाहेर गेला आहे, तिथे युनिटमागे रुपया-दीड रुपया जास्त मिळावा, आणि तो पैसा पंपांचं बिल माफ करायला सरकार जी रक्कम देतं तिच्यातून यावा. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते, तेव्हा शेतकरी संघटना थकबाकी आणि भारनियमनावर पोटतिडकीनं बोलतात. पुढच्या सुनावणीत त्यांनी या दराचीही मागणी लेखी नोंदवावी.