शब्दांची कुळकथा : बुल



आपल्या गोठ्यातल्या नराला मराठीत नावे किती! लहानपणी तो गोऱ्हा, वाढीला लागला की खोंड, खच्ची होऊन मानेवर जू आले की बैल आणि गाई फळवायला राखला तर वळू. इंग्रजीतही असा फरक आहे. ‘बुल’ म्हणजे वळू आणि खच्ची केलेला तो ‘बुलक’. मौज अशी की, जुन्या इंग्रजीत ‘बुलक’ म्हणजे नुसता लहान वयाचा बुल, आपला गोऱ्हाच म्हणा ना! बैल हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. हत्तीच्या आणि देवमाशाच्या नरालाही इंग्रजीत बुलच म्हणतात.

या बुलाचा गोतावळा मोठा आहे. इंग्लंडात बांधलेल्या वळूवर कुत्रे सोडून तमाशा पाहत. ते कुत्रे म्हणजे ‘बुलडॉग’. हा क्रूर खेळ तिथे १८३५ साली कायद्याने बंद झाला. अमेरिकेत १८७६ च्या निवडणुकीच्या सुमारास काळ्या मतदारांना मारझोड करून धाकात ठेवणाऱ्या गुंडांना ‘बुलडोझर’ म्हणत. वळूला द्यावा तसला चाबकाचा मार, असे त्या शब्दाचे मूळ सांगतात. माती ढकलणाऱ्या यंत्राला हे नाव पुढे लागले.

शेअर बाजारात भाव चढेल या आशेने खरेदी करणारा तोही बुल! मुंबईच्या शेअर बाजारापाशी सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला वळू २००८ पासून उभा आहे.

पण नावावरून नाते जोडू नका. ‘बुलेट’ म्हणजे बंदुकीची गोळी. ती बुलाची कोणी लागत नाही. लहान गोळा या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून ती आली.

आता कामाचे बोलू. जनावराच्या विम्याचा किंवा तपासणीचा कागद इंग्रजीत असेल, तर सही-अंगठा करण्यापूर्वी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून, मुलीकडून तो वाचून घ्या. बैलाच्या जागी ‘बुल’ लिहिले असेल, तर तुमचा बैल कागदावर वळू झाला! तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. उद्या भरपाई मागायची वेळ आली, तर दाव्याचे जनावर आणि कागदावरचे जनावर एकच असले पाहिजे.